नोकरी सोडून विज्ञानकथा लिहू का?

पत्र थोडक्यात असं आहे. वय ३४, राहणार इंदूर, सुदामा नगर. घरात सासू-सासरे, नवरा आणि ६ वर्षांची मुलगी. भंवरकुआँच्या एका कोचिंगमध्ये ११ वर्षांपासून फिजिक्स शिकवते. मराठीत विज्ञानकथा लिहिते, ९ वर्षांत १४ कथा झाल्या, त्यातल्या ४ दिवाळी अंकांत आल्या, एकीला स्पर्धेत बक्षीस मिळालं. आता कोचिंगवाले म्हणतायत की फिजिक्सची हेड हो, पगार बराच वाढेल पण मग सकाळही तिथेच आणि संध्याकाळही तिथेच. बँकेत साडेसहा लाख साठलेत, त्यावर नोकरी सोडून दोन वर्षं फक्त लिहावं असं वाटतंय. नवरा अडवत नाही, पण "यातून पुढे काय?" असं विचारतो. पुण्यातला भाऊ म्हणतो, इंदुरात बसून मराठी लेखक होता येत नाही, शिवाय तुझी मराठी हिंदीत कालवलेली आहे, त्यापेक्षा इंग्रजीत लिही. बाकीचे म्हणतात कथा पुरे झाल्या, कादंबरी लिही. आणि आता एआय पाच मिनिटांत कथा लिहून देतं तर माझी कोणाला गरज, ही भीती वेगळीच. "लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता पण एकच कथा झाली, बक्षीसवाली मात्र तीन बॅचेस असलेल्या वर्षी झाली. मला उशीर झालाय का? आणि हे करिअर होऊ शकतं का?" सोबत एक कथा जोडली आहे.

तुला तू म्हणते, चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. पत्र तीनदा वाचलं आणि कथा दोनदा. कथेबद्दल शेवटी सांगते, तिथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

तू विचारलंयस नोकरी की लेखन, पण त्याच पत्रात तू लॉकडाऊनची ओळ पण लिहून गेलीस आणि मला वाटतं ती तू पुन्हा वाचायला हवी. रिकामा वेळ मिळाला तेव्हा एक कथा. तीन बॅचेस होत्या, मुलगी लहान होती, तेव्हा बक्षीसवाली. (लॉकडाऊनमध्ये भीती होती, घरात माणसं होती, ऑनलाइन क्लासचा वैताग होता, हे सगळं मला कळतं, त्या एका कथेवरून स्वतःला दोष देऊ नकोस.) पण दोन वर्षं रिकामी मिळाली की कथा आपोआप होतील, हे जे तू धरून चाललीयेस त्याला तुझ्या स्वतःच्या ९ वर्षांत काहीच पुरावा नाहीये. बक्षीसवाली कथा कधी लिहायचीस? तू सांगितलं नाहीयेस, पण मी पैज लावते की रोज एक ठरलेला तास होता, सकाळचा किंवा पोरं टेस्ट सोडवत असतानाचा, आणि तो तू कोणाला देत नव्हतीस. रिकामा वेळ आणि राखून ठेवलेला वेळ यात फार फरक असतो गं.

आता पैशाचं, कारण ते आधी बोललेलं बरं. साडेसहा लाख भागिले २४ महिने म्हणजे महिन्याला २७ हजार. तू घरात २५ हजार देतेस असं लिहिलंयस. म्हणजे दोन वर्षांनी खातं रिकामं, आणि मधे मुलीची फी वाढली किंवा सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं तर वर्षभरातच रिकामं. आणि लिहायला बसलेल्या माणसाला दर महिन्याला खाली जाणारा बॅलन्स दिसत राहिला की तो कथा लिहीत नाही, हिशोब लिहितो. मी १२ वर्षं एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम केलंय, तिथे मानधन काय जायचं ते मला ठाऊक आहे, एका कथेला हजार-दोन हजार, आणि पुष्कळ अंक तर नुसता अंकच पाठवतात. वर्षाला ४ कथा छापून आल्या तरी त्यातून मुलीची स्कूल बस पण निघणार नाही.

भाऊ म्हणतो इंग्रजीत लिही, बरं, तिकडचा हिशोब पण करू. अमेरिकेत विज्ञानकथा लेखकांची जी संघटना आहे ती ज्या दराला व्यावसायिक दर मानते तो शब्दाला ८ सेंट. पाच हजार शब्दांची कथा म्हणजे ४०० डॉलर, आपले ३५ हजारांच्या आसपास. छान वाटतं ना ऐकायला? पण वर्षाला अशा १२ कथा विकल्या, आणि तशा विकणारी माणसं तिकडे पण फार थोडी, तरी होतात ४८०० डॉलर, ज्यात अमेरिकेत कोणी वर्ष काढू शकत नाही. म्हणजे नुसत्या विज्ञानकथांवर पोट भरणं ही अडचण मराठीची पण नाही आणि इंदूरची पण नाही, या लेखनप्रकारालाच ती चिकटलेली आहे आणि जगभर लोकांनी ती ओळखूनच आपापली आयुष्यं लावून घेतली आहेत.

कशी लावली ते बघ. जयंत नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत खगोलशास्त्र करत होते तेव्हा कथा लिहायला लागले. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात, सुबोध जावडेकर केमिकल इंजिनिअर, लक्ष्मण लोंढे बँकेत. पूर्णवेळ लेखणीवर जगले ते निरंजन घाटे, पण त्यांची दीडशेहून जास्त पुस्तकं आहेत आणि त्यातली पुष्कळशी विज्ञान सोपं करून सांगणारी, कथांचे संग्रह त्यातला एक हिस्सा. तो मार्ग पण मोकळा आहे तुला, पण तो कथालेखकाचा मार्ग नाही, तो रोज अमुक पानं लिहून द्यायची अशा कामाचा आहे, आणि तुझ्या पत्रात त्याची ओढ मला कुठे दिसली नाही.

आणि कादंबरी लिही म्हणणाऱ्यांना टेड चियांगचं नाव सांग. हा माणूस सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहायची नोकरी करायचा. १९९० मध्ये पहिली कथा छापून आली तिला नेब्युला पारितोषिक मिळालं, म्हणजे तिकडचं फार मोठं, आणि तरी त्याने घाई केली नाही. २००२ मध्ये एक संग्रह, २०१९ मध्ये दुसरा, तीस वर्षांत वीसच्या आत कथा आणि कादंबरी एक पण नाही. १९९८ च्या त्याच्या एका दीर्घकथेवर २०१६ मध्ये अरायव्हल हा सिनेमा निघाला. तुझ्या ९ वर्षांत १४ झाल्यात! तू त्याला लाज वाटल्यासारखं लिहिलंयस, "फक्त १४" असं. तो "फक्त" काढ. विज्ञानकथेत बहुतेक वेळा एकच "असं झालं तर?" असतं, आणि ते एकच जर वीस पानांत पुरं होत असेल तर त्याला तीनशे पानं ताणून लोकांना दमवण्यात काय अर्थ आहे. कादंबरीएवढं मोठं काही सुचलं तर लिही, पण कथा म्हणजे कादंबरीची पूर्वतयारी हे डोक्यातून जाऊ दे.

तुझ्या सगळ्यात जवळची मला झेना हेंडरसन वाटते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शाळेत लहान मुलांना शिकवायची, पन्नाशीच्या दशकापासून कथा छापून यायला लागल्या तरी शिकवत राहिली, आणि तिच्या कथांमध्ये काय आहे माहितेय? एकशिक्षकी शाळा, वर्गात बसलेली जरा वेगळी मुलं, आणि ती वेगळी मुलं या पृथ्वीवरची नाहीतच हे हळूहळू ओळखणारी बाई. म्हणजे वर्गाने तिचा वेळ खाल्ला असेलच, पण कथा पण त्याच वर्गाने दिल्या. तुझ्या ११ वर्षांच्या भंवरकुआँतली एक पण गोष्ट तुझ्या कथेत नाही. रीवा, खरगोन, सागरहून आलेली सतरा वर्षांची पोरं, एका खोलीत तिघं, रात्री दोन वाजता पण दिवे चालू, महिनाभरात आईशी बोलायला वेळ नाही, या पोरांना भविष्य म्हणजे काय वाटतं हे तुझ्याइतकं जवळून कुठल्या विज्ञानकथालेखकाने बघितलंय?

भावाचं दुसरं म्हणणं, इंदूर. मला याचा राग येतो, खरंच सांगते, कारण मी इंदूरच्याच रामबागेत वाढले आणि हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकतेय. या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीनदा भरलंय, १९१७, १९३५ आणि २००१, आणि २००१ च्या अध्यक्ष विजया राजाध्यक्ष होत्या, स्वतः कथालेखिका. पण ते जाऊ दे, संमेलन भरून कोणी लेखक होत नाही. नारळीकरांचंच बघ, कोल्हापूरला जन्मले पण वाढले बनारसला. आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी जी पहिली कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नाहीच पाठवली, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, आणि अक्षर पण कोणी ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, पण परीक्षकांनी कथा वाचावी, नाव वाचू नये एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्या जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. जगताप राहतात कुठे, पुण्यात की इंदुरात, याने परीक्षकांना काय फरक पडणार होता!

उशीर झालाय का, याचं उत्तर पण अशाच एका टोपणनावात आहे. जेम्स टिपट्री ज्युनिअर नावाने १९६८ पासून अमेरिकेत कथा यायला लागल्या, सगळ्यांना वाटलं कोणी अनुभवी पुरुष आहे, त्याच्या शैलीवर पुरुषी म्हणून लेख लिहिले गेले, दहाएक वर्षं त्याला कोणी प्रत्यक्ष बघितलं नाही, सगळा व्यवहार पोस्टाने. शेवटी कळलं की ती ॲलिस शेल्डन नावाची बाई आहे, मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली, आणि हे नाव तिने मुरांब्याच्या बरणीवर बघून घेतलं होतं. पहिली विज्ञानकथा छापून आली तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. तू ३४ ची आहेस.

मराठी हिंदीत कालवलेली आहे म्हणजे काय? तू "करून राहिली आहे" म्हणतेस, मी पण म्हणते, आपल्या आज्या पण म्हणायच्या. निवेदनात तुला जी मराठी सहज येते ती ठेव, शुद्धलेखन कोणाकडून तरी तपासून घे, तेवढं पुरे. पण तुझ्या कथेतली बाई इंदूरची असून आईशी बोलताना पाठ्यपुस्तकातल्यासारखी बोलते, "मातोश्री, आपण चिंता करू नये" या थाटात, तिथे मी वाचताना अडकले. ती "आई, टेन्शन नको न घेऊ गं" म्हणाली असती तर मी तिच्याबरोबर त्या अंतराळयानात बसले असते.

इंग्रजीबद्दल एवढंच की दार बंद करू नकोस पण घर पण बदलू नकोस. तिकडची बरीच चांगली मासिकं अनुवादित कथा घेतात आणि कथा वाचून बघायचे लेखकाकडे पैसे मागत नाहीत. बाळ फोंडक्यांनी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथा इंग्रजीत आणून १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी संग्रह केला होता, म्हणजे हा रस्ता चाललेला आहे. तुझी सगळ्यात चांगली एक कथा निवडून स्वतः इंग्रजीत कर आणि पाठव, वर्षाला एक.

आणि एआय. मशीनने लिहिलेल्या कथांचा एवढा पूर आला की २०२३ च्या फेब्रुवारीत क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या मासिकाला काही दिवस कथा घेणंच बंद करावं लागलं होतं. म्हणजे त्रास खरा आहे, संपादकांचा ढीग वाढलाय आणि नवीन माणसाला वाट बघावी लागते. पण मी ढीग वाचलेली बाई आहे, मशीन नव्हतं तेव्हा पण त्या ढिगात दहातल्या आठ कथा एकसारख्याच असायच्या, एक प्रोफेसर, एक यंत्र, एक भाचा ज्याला प्रोफेसर सगळं समजावून सांगतात. थांबून वाचावी लागायची ती नववी किंवा दहावी, ज्यात असं काहीतरी असायचं जे फक्त त्या माणसाने पाहिलेलं आहे.

इथेच मी तुझ्या कथेवर येते. पहिली पाच पानं टाइम डायलेशन, म्हणजे फार वेगाने जाणाऱ्याचा वेळ हळू चालतो ते. अगदी बरोबर आहे सगळं, फिजिक्सची मॅडम चुकणार कशाला, पण ते फळ्यावरचं आहे, तू मला शिकवते आहेस. आणि मग सहाव्या पानावर मुलगी तिकडे अंतराळात आहे आणि इकडे सुदामा नगरात आई पहाटे साडेचारला नळाला पाणी येणार म्हणून उठून बसली आहे, एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी, बादल्या लावून ठेवल्यात, आणि तिला वाटतं घड्याळ पुढेच सरकत नाहीये. अर्धं पान आहे फक्त! ते वाचून मी पुस्तक-बिस्तक बाजूला ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. वेळ कोणासाठी हळू चालतो हे तुझ्या पाच पानांनी सांगितलं नाही, त्या बादल्यांनी सांगितलं. आणि तू ते अर्ध्या पानात उरकून पुन्हा सूत्रांकडे पळालीस.

तुझ्या गावाकडे नीट बघ. नर्मदेकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर, विंध्य चढवून आणलेली नदी आपण पितो, असं शहर विज्ञानकथेत आपण शोधून काढलं असतं तर लोक म्हणाले असते काय कल्पना आहे. राजेंद्र नगरच्या पुढे राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाचं यंत्र आहे, १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतायत आणि बाहेर गाड्यावर माणूस पोहे-जलेबी देतोय. देवगुराडियाला रोजचा ५५० टन ओला कचरा गॅस करण्याचा प्लांट आहे. तासाभरावर उज्जैन, जिथून आपले जुने ज्योतिषी शून्य रेखांश मोजायचे, म्हणजे वेळ कुठून सुरू होतो हे ठरवणारं गाव. एवढं सगळं उंबऱ्याशी असताना तुझं यान ह्यूस्टनहून का उडतं?

आता काय करायचं ते. हेडची पोस्ट घेऊ नकोस असं माझं मत आहे, घरात कर्ज असतं तर वेगळं बोलले असते पण तू लिहिलंयस की कर्ज नाही. नोकरी सोडू पण नकोस. त्याऐवजी जाऊन सांग की हेड नको, पण माझे दोन दिवस सकाळचे क्लास काढून घ्या, हवं तर थोडा पगार कमी करा. ११ वर्षं टिकलेली फिजिक्सची टीचर त्यांना सहज मिळत नाही, ते ऐकतील, आणि नाहीच ऐकलं तर निदान तुला तुझी किंमत विचारायची सवय लागेल. साडेसहा लाखाला हात लावू नकोस, तो पैसा तुझी पाठ ताठ ठेवायला आहे, एखाद्या वर्षी खरंच मोठं काही हाती लागलं तर चार महिने बिनपगारी घ्यायला कामाला येईल.

वर्ष तुझ्या कामाप्रमाणे लाव. जानेवारी ते मे, जेईईचे दोन फेरे, मग नीट आणि ॲडव्हान्स्ड, या काळात कथा लिहायची नाही हे स्वतःलाच सांगून टाक, फक्त वही ठेव आणि वर्गात, ऑटोत, नळावर जे ऐकू येईल ते टिपत जा. दिवाळी अंकवाले साहित्य साधारण जून-जुलैत मागतात, म्हणजे परीक्षा संपल्यावरचे जे तीन आठवडे तुला थोडे मोकळे मिळतात त्यात जुन्या खर्ड्यावर हात फिरवायचा, आणि नवा खर्डा पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत, आठवड्यातल्या त्या दोन सकाळी. वर्षाला दोन कथा झाल्या की पुष्कळ. बँकेत, शाळेत, कारखान्यात असलेल्या आणि असंच पत्र लिहिणाऱ्या बाकीच्यांना पण हेच सांगेन, आपल्या नोकरीचं वर्ष कसं वर-खाली होतं ते आधी कागदावर काढा, मोकळे आठवडे त्यातच सापडतात.

एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठव, कुठे कधी पाठवली ते वहीत लिही, तीन महिन्यांनी विचारायला लाजू नकोस. मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा सोडू नकोस. आणि पुस्तक काढायला कोणी तुझ्याकडेच पैसे मागितले तर सरळ नाही म्हण, १४ मधल्या चांगल्या आठ-नऊ बाजूला काढ, अजून पाच-सहा होऊ दे, मग प्रकाशकाला विचारू.

कथा पहिल्यांदा वाचायला भावाला देऊ नकोस, फिजिक्स न कळणाऱ्या माणसाला दे. सासूबाईंना वाचून दाखव. जिथे त्या "मग पुढे काय झालं" म्हणतील तिथे खूण कर, आणि जिथे उठून गॅस बघायला जातील तिथे पण.

नवऱ्याच्या प्रश्नाला मी टोमणा समजले नसते, तो खरंच विचारतोय. त्याला करिअर-बिरिअर काही सांगू नकोस, कारण मग तो पगार शोधेल. त्याला सांग की मंगळवार आणि शुक्रवार सकाळी साडेपाच ते आठ मी नाहीये, मुलीचा डबा आणि बस तुझ्याकडे, आणि वर्षाच्या शेवटी दोन कथा दाखवीन. एवढं साधं मागितलं की माणसाला हो म्हणता येतं.

आणि त्या कथेची पहिली पाच पानं काढून बघ. सहाव्या पानापासून, पहाटे साडेचारच्या नळापासून सुरू कर, यान इथूनच उडव, आणि आईला तिच्या भाषेत बोलू दे. जूनमध्ये परीक्षा आटपल्या की मला पाठव, मी वाट बघते.